घडलं कधी, दिसलं कधी

एक कोडं घालतो. एका कार्यालयात दोन कारकून आहेत, दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. बाहेर व्हरांड्यात दोन फळे टांगलेले आहेत, एक पहिल्याचा, एक दुसऱ्याचा. सकाळी दोन्ही फळे कोरे आहेत. दोघांना एकच काम दिलंय. आधी आपल्या फळ्यावर ‘आलो’ असं लिहायचं, मग दुसऱ्याचा फळा बघायचा आणि त्यावर काय दिसलं ते आपल्या वहीत नोंदवायचं. दोघंही प्रामाणिक आहेत, दोघंही सांगितलेला क्रम पाळतात. संध्याकाळी साहेबांनी दोन्ही वह्या मागवल्या. दोन्ही वह्यांत ‘दुसऱ्याचा फळा कोरा होता’ अशी नोंद असू शकेल का?

थोडा विचार केला की उत्तर मिळतं : नाही. दोघांपैकी कुणीतरी नंतर लिहिलं असणार, किंवा फार तर दोघांनी एकाच क्षणी लिहिलं असणार. ज्याने नंतर लिहिलं, त्याने बघितलं त्याहूनही नंतर. तोवर दुसऱ्याच्या फळ्यावर ‘आलो’ उमटलेलं होतंच. म्हणजे निदान एका वहीत तरी ‘आलो’ दिसलंच पाहिजे. दोन्ही वह्यांत ‘कोरा’ निघालं तर साहेब म्हणतील, एक जण नक्की खोटं बोलतोय.

आता हेच काम कारकुनांऐवजी तुमच्या लॅपटॉपमधल्या दोन कोअरना द्या आणि लाखो वेळा करून घ्या. बहुतेक वेळा उत्तर आपल्या तर्काला धरूनच येईल. पण अधूनमधून दोन्ही वह्यांत ‘कोरा’ निघेल. यंत्र बिघडलेलं नसतं. कुणी खोटंही बोललेलं नसतं. असं होऊ शकतं, हे प्रोसेसर बनवणाऱ्यांनी आपल्या पुस्तकात आधीच लिहून ठेवलेलं असतं.

संगणकशास्त्राच्या ज्या शाखेत हे सगळं येतं तिला मेमरी कन्सिस्टन्सी मॉडेल म्हणतात. एकाने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल, कोणत्या क्रमाने दिसेल, आणि या बाबतीत यंत्र आपल्याला नेमकं कोणतं वचन देतं, याचे हे नियम. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा विषय माझ्या कामातला. पण इथे लिहायचं कारण वेगळं आहे. दर ईदेच्या आधी आपल्यात जो एक वाद ठरलेला असतो, त्याच्याकडे बघायची माझी नजर या विषयाने बदलली. तिथपर्यंत जायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आधी, हे होतं कसं ते पाहू. प्रोसेसर फार घाईचा असतो आणि मेमरी त्याच्या मानाने फार संथ. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके टाकतो. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तेवढ्यात याचे तीनशे ठोके होतात. एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरलं, तर मेमरीची एक फेरी पाच मिनिटांची झाली. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लिहिताना पाच मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं, हे कुठल्याही कारभाराला परवडणारं नाही.

म्हणून प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर एक ट्रे ठेवला. फळ्यावर काय लिहायचंय ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी ट्रेमध्ये टाकायची आणि पुढच्या कामाला लागायचं. शिपाई सवडीने चिठ्ठी उचलेल आणि फळ्यावर उतरवेल. यंत्रातल्या या ट्रेला स्टोअर बफर म्हणतात. आता कोड्याचा उलगडा होतो. पहिल्याने ‘आलो’ची चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली आणि दुसऱ्याचा फळा बघितला : कोरा. दुसऱ्यानेही तेच केलं, त्यालाही फळा कोराच दिसला. दोन्ही चिठ्ठ्या अजून ट्रेमध्येच होत्या. दोघंही खरं बोलले.

यातली खुबी अशी की, एकट्या कारकुनाला हा घोटाळा कधीच कळत नाही. आपल्याच फळ्यावर काय आहे हे त्याला बघायचं असेल, तर तो आधी आपला ट्रे चाळतो. त्यामुळे त्याच्यापुरतं जग नीट क्रमाने चाललेलं असतं. आपण लिहिलं म्हणजे ते लिहिलं गेलं, असंच त्याला वाटत राहतं. लिहिणं आणि ते दुसऱ्याला दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला दुसरा माणूस लागतो.

घराघरांतल्या संगणकांत हा दुसरा माणूस बराच काळ नव्हता. एकाहून अधिक प्रोसेसर असायचे ते मोठ्या, महागड्या यंत्रांत. २००४-०५च्या सुमारास चित्र बदललं. प्रोसेसरचा वेग आणखी वाढवावा तर तो तापायला लागला. मग कंपन्यांनी एकाच चिपवर दोन कोअर बसवले, पुढे चार, आठ. आज साध्या फोनमध्येसुद्धा आठ कोअर असणं नेहमीचं झालंय. म्हणजे जो प्रश्न मोजक्या तज्ज्ञांचा होता, तो आता खिशाखिशात आहे.

तज्ज्ञांना तो फार आधी दिसला होता. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७९ साली एक जेमतेम दोन पानांचा निबंध लिहिला. अनेक प्रोसेसर असलेलं यंत्र बरोबर चाललंय असं कधी म्हणायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याने दोन अटी सांगितल्या. एक, सगळ्यांची सगळी कामं जणू एकाच रांगेत एकामागून एक झाली, असं दिसलं पाहिजे. दोन, त्या रांगेत प्रत्येकाची आपली कामं त्याने सांगितलेल्या क्रमानेच आली पाहिजेत. याला सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी म्हणतात, आपण क्रमवार सुसंगती म्हणू. आपण कोडं सोडवलं तेव्हा नकळत हेच गृहीत धरलं होतं, की सगळ्यांची मिळून कुठेतरी एक रांग आहे. पुढे २०१३चा ट्युरिंग पुरस्कार लॅम्पोर्टला मिळाला. पण त्याच्या या दोन अटी जशाच्या तशा पाळणारी यंत्रं आज आपल्या हातात नाहीत. रांग लावली की वेळ जातो, आणि वेळ वाचवायलाच तर ट्रे आणला होता.

मग प्रत्येक जातीच्या प्रोसेसरने आपापल्या सवलती घेतल्या. इंटेल आणि एएमडी यांचा एक्स८६ घराण्यातला प्रोसेसर त्या मानाने शिस्तीचा. ट्रे आहे, पण चिठ्ठ्या टाकल्या त्याच क्रमाने फळ्यावर जातात. फोनमध्ये असतो तो आर्म घराण्याचा प्रोसेसर बराच मोकळा. दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या फळ्यांसाठी असतील, तर नंतरची आधी लागू शकते. बघणारासुद्धा दोन फळे उलट्या क्रमाने बघून घेऊ शकतो. अट एकच, एकट्याला फरक कळता कामा नये.

याने बिघडतं काय? रमजानचं उदाहरण घेतो. इफ्तारच्या वेळी सूर्य मावळला का हे बघायला आपण कुणी बाहेर जात नाही. मगरिबची अजान ऐकली की खजूर तोंडात टाकतो. अजान हा इशारा आहे. तो ऐकला याचा अर्थ सूर्य मावळलाय, हे आपण धरून चालतो. आता अशा वस्तीची कल्पना करा, जिथे अजानीचा आवाज सूर्यास्ताच्या आधीच घरात पोचू शकतो. मुअज्जिनने काही चूक केलेली नाही, त्याने सूर्यास्तानंतरच अजान दिली. पण तुमच्या घरात दोन्ही गोष्टी उलट्या क्रमाने आल्या. तुमचा रोजा गेला, आणि दोष कुणाचाच नाही.

काही वर्षांपूर्वी मी जिथे कामाला होतो तिथे हे प्रत्यक्ष घडलं. दुकानांसाठी बिलं बनवणारा एक प्रोग्राम होता. काउंटरवरच्या साध्या संगणकांवर तो कित्येक वर्षं बिनतक्रार चालला होता. मग तोच प्रोग्राम हातात धरायच्या छोट्या यंत्रावर चढवला, आणि त्या यंत्रात आर्मचा प्रोसेसर होता. प्रोग्रामचा एक भाग रक्कम लिहायचा आणि मग ‘बिल तयार’ अशी खूण करायचा. दुसरा भाग त्या खुणेची वाट बघायचा, खूण दिसली की रक्कम वाचून पावती छापायचा. आमच्याकडे टेस्टिंगला एक नवी मुलगी होती. तिने एक दिवस सांगितलं, पावतीवर नंबर बरोबर आला पण रक्कम शून्य आली. वरिष्ठांनी प्रोग्राम पुन्हा वाचला. आधी रक्कम, मग खूण. शून्य येणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले, तुझी नजर चुकली असेल. तिने पुन्हा करून बघितलं, दिवसभर काही झालं नाही. तपासासाठी प्रोग्राममध्ये जागोजागी ‘इथे पोचलो, इथे पोचलो’ असं छापायला लावलं, तर दोष दिसेनासाच झाला. कारण ते छापणंच मध्ये रांग लावत होतं.

ती मात्र हटली नाही. तारीख, वेळ, यंत्राचा नंबर असं सगळं लिहून ठेवत राहिली. लाखात एखादी पावती शून्याची निघायची. मी शेजारच्या गटात होतो, मला नुसतं बघायला बोलावलं होतं. तिची वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली : सगळ्या नोंदी छोट्या यंत्राच्या होत्या, काउंटरवरच्या संगणकाची एकही नाही. तिथून धागा सापडला. जुन्या यंत्रावर प्रोग्राम बरोबर चालत होता तो त्यात क्रमाची काळजी घेतली होती म्हणून नव्हे, तर ते यंत्र जात्याच शिस्तीचं होतं म्हणून. नवं यंत्र त्याला दिलेल्या मुभेत राहूनच चाललं होतं. खूण आधी दिसली, रक्कम नंतर. अजान आली, सूर्य अजून वरच होता.

दुरुस्ती मोजून दोन शब्दांची होती. खूण करणाऱ्याच्या बाजूला एक, बघणाऱ्याच्या बाजूला एक. पहिल्याला रिलीज म्हणतात. त्याचा अर्थ, ही खूण दिसण्याआधी माझं मागचं सगळं लिखाण दिसलं पाहिजे. दुसऱ्याला अ‍ॅक्वायर म्हणतात. त्याचा अर्थ, ही खूण बघून झाल्याशिवाय मी पुढचं काही वाचणार नाही. एकच बाजू सांभाळून भागत नाही. मुअज्जिन वेळ न बघता अजान देत असेल तर उपयोग नाही, आणि रोजेदार अजानीची वाट न बघता खजूर खात असेल तरी उपयोग नाही. दोघांनी आपापली बाजू पाळली, तरच दोघांच्या मध्ये एक क्रम उभा राहतो. तो आयता तयार नसतो.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हे. अ‍ॅपलने २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आपले संगणक इंटेलवरून आर्म घराण्यातल्या स्वतःच्या एम१ चिपवर न्यायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या प्रोग्रामांचं काय करायचं हा प्रश्न त्यांच्यासमोरही होता. ते सगळे इंटेलच्या शिस्तीवर विसंबून लिहिलेले. म्हणून एम१ चिपमध्येच एक सोय ठेवली. जुना प्रोग्राम भाषांतर करून चालवताना चिप इंटेलसारखा कडक क्रम पाळते. नवी चिप बनवताना त्यांनी जुन्या वचनाचीही आठवण ठेवली.

क्रम मोडणारं यंत्र एकटं नसतं. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलरही वेगासाठी ओळी मागेपुढे करतो. जावा ही भाषा १९९०च्या दशकात आली तेव्हा तिच्या नियमांतच मेमरीबद्दल एक प्रकरण होतं. मेरीलँड विद्यापीठातल्या बिल प्यू यांनी १९९९मध्ये दाखवून दिलं की ते प्रकरणच सदोष आहे. त्या काळी प्रोग्रामर सर्रास वापरत असलेली एक युक्ती त्यामुळे असुरक्षित ठरली. नव्या घराची किल्ली हातात पडायची, दार उघडून बघावं तर आत भिंती अजून उभ्याच राहिलेल्या नसायच्या. ते नियम २००४मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर नव्याने लिहिले गेले. सी++ला तर २०११पर्यंत असे नियमच नव्हते.

या दोन्ही भाषांच्या नियमांमागे ज्यांचं काम आहे त्यांत सरिता अडवे हे मोठं नाव. १९८७ साली मुंबईत, पवईच्या आयआयटीतून त्या इंजिनिअर झाल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्या. तिथे १९९०मध्ये त्यांनी आणि मार्क हिल यांनी या सगळ्या गोंधळाकडे एका साध्या नजरेने बघितलं. यंत्र काय काय उलटसुलट करतं याची यादी प्रोग्रामरच्या माथी मारण्यापेक्षा, दोघांत एक करार असावा. प्रोग्रामरने सांगायचं, या या जागा आम्ही वाटून वापरतो आहोत, इथे एकमेकांची वाट बघायची आहे. त्याने एवढं खरं सांगितलं, कुठे काही लपवलं नाही, तर यंत्राने त्याला लॅम्पोर्टच्या त्या सरळ रांगेचं जग दाखवायचं. बाकीच्या ठिकाणी यंत्राला पळायला रान मोकळं. आज बहुतेक मोठ्या भाषांच्या नियमांच्या मुळाशी हा करार आहे. तो प्रोग्रामरने मोडला तर सी++मध्ये यंत्रावर काहीच बंधन उरत नाही.

मला या करारात आपल्या ओळखीचं काहीतरी दिसतं. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा असं ती सांगते. समोरचा लबाड आहे असं मानून नव्हे, तर पुढे शंकेला जागा राहू नये म्हणून. वाटून घेतलेल्या गोष्टी बोलून, लिहून घ्याव्यात. ‘ते तर कळायलाच हवं’ यावर सोडू नयेत.

आता वळसा संपवून चंद्राकडे येतो. पण त्याआधी कोड्याचा दुसरा भाग. या वेळी चार कारकून आहेत. पहिला आपल्या फळ्यावर लिहितो, दुसरा आपल्या. तिसरा आणि चौथा फक्त बघतात. तिसरा आधी पहिल्याचा फळा बघतो : लिहिलेलं आहे. मग दुसऱ्याचा : कोरा. तो सांगतो, पहिल्याने आधी लिहिलं. चौथा दुसरीकडून येतो. त्याला दुसऱ्याचा फळा लिहिलेला दिसतो आणि मग पहिल्याचा कोरा. तो सांगतो, दुसऱ्याने आधी लिहिलं. दोघांनी आपलं बघणं अगदी क्रमाने केलेलं आहे. तरीही आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरच्या नियमांत हे दोन्ही जबाब एकाच वेळी खरे असू शकतात. एकाचं लिखाण शेजारच्याला लवकर पोचतं, लांबच्याला उशिरा. सगळ्यांची मिळून एक रांग तिथे नसतेच. आर्मच्या नियमांतही पूर्वी ही मुभा होती. २०१७च्या सुमारास त्यांनी ती काढून टाकली. एवढ्या मोकळेपणाचा फायदा थोडा आणि डोक्याला ताप जास्त, असा हिशेब होता.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला कुरैब यांची रिवायत आठवली. ती सहीह मुस्लिममध्ये आहे. कुरैब मदिनेहून शामला गेले होते. तिथे रमजानचा चांद जुम्म्याच्या रात्री दिसला. महिन्याच्या अखेरीस ते मदिनेला परतले तेव्हा इब्न अब्बास यांनी विचारलं, तुम्ही चांद कधी पाहिला? ते म्हणाले, जुम्म्याच्या रात्री, मी स्वतः पाहिला. इब्न अब्बास म्हणाले, आम्ही तर शनिवारच्या रात्री पाहिला, आम्ही तीस पुरे करू किंवा चांद दिसेपर्यंत रोजे धरू. कुरैब यांनी विचारलं, मुआवियांनी पाहिलेला चांद तुम्हाला पुरेसा नाही का? उत्तर आलं, नाही, आम्हाला असाच हुकूम आहे.

त्यांच्या बोलण्यात कुठेही असं नाही की शामचे लोक खोटं बोलले, किंवा कुरैब यांची नजर चुकली. चांद एकच आहे. तो इथे एका रात्री दिसला, तिथे दुसऱ्या. खबर पोचायला महिना लागला. प्रश्न एवढाच, की तिथलं दिसणं इथे कधीपासून लागू धरायचं.

फकिहांनी याची दोन उत्तरं दिली. आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या मजहबात दूरच्या मुलखातलं चांददर्शन आपल्याला लागू होत नाही, ज्याच्या त्याच्या क्षितिजाचा ज्याला त्याला हिशेब. घाटावर बहुतेक लोक हनफी. त्यांच्या मजहबाचं प्रसिद्ध मत असं, की एका ठिकाणी चांद दिसला आणि त्याची खबर मान्य पद्धतीने पोचली, तर ती इतरांनाही बांधते. आता माझ्या नजरेला ही दोन मॉडेलं दिसतात. एकात सगळ्यांची मिळून एक रांग असल्याचा दावाच नाही. दुसऱ्यात एक रांग आहे, पण ती साक्ष पोचल्यावर बनते, त्याआधी नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे : दुसऱ्याने पाहिलेलं मला कधी बांधतं, याचा नियम आधीच ठरवून ठेवलाय. ऐन वेळी भांडून ठरवायचा नाही.

केरळात कित्येकदा आपल्या आधी एक दिवस ईद होते. त्या संध्याकाळी आपल्याकडे चेष्टा सुरू होते. मुसलमानांना एक ईद ठरवता येत नाही, असं बाहेरचे म्हणतात. आपल्यातले लोक त्याहून कडवट बोलतात, अमक्या कमिटीने घाई केली, तमक्याने खोटी शहादत घेतली. मला आता त्या चेष्टेत सामील होता येत नाही. एकाच चिपवर, नखाएवढ्या जागेत बसलेल्या चार कोअरना ‘आधी काय घडलं’ यावर आपोआप एकमत होता येत नाही. मग हजार किलोमीटरवर, ढगाखाली आणि मोकळ्या आभाळाखाली उभ्या असलेल्या माणसांचं ते आपोआप व्हावं, ही अपेक्षा कुठून आली?

पण याचा अर्थ ‘ज्याचं त्याचं खरं’ असा नाही. इथेच मेमरी मॉडेलचे नियम फार काटेकोर आहेत. अगदी मोकळ्या यंत्रांतही दोन गोष्टी पक्क्या धरलेल्या असतात. पहिली, एकाच फळ्याचा प्रश्न असेल तर मतभेद नाही. त्या एका फळ्यावर आधी काय लिहिलं आणि नंतर काय, याचा क्रम सगळ्यांना सारखाच मानावा लागतो. गोंधळ होतो तो दोन वेगळ्या फळ्यांचा संबंध जोडताना. दुसरी, जे कुणीच लिहिलं नाही ते कुणालाही दिसता कामा नये. जुनं दिसेल, उशिरा दिसेल, मागेपुढे दिसेल, पण हवेतून काही उगवणार नाही. जावाचे नवे नियम लिहिणाऱ्यांची सर्वांत जास्त दमछाक याच एका अटीपायी झाली.

गावात काही अघटित झाल्यावर जे जबाब ऐकू येतात, त्यांना मी या दोन कसोट्या लावून बघतो. आधी दगड आला की आधी घोषणा? नाक्यावर उभा असलेला एक सांगतो, मशिदीपाशी उभा असलेला दुसरं. दोघं आपल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतील, आणि दोघंही खरं सांगत असतील. दोन फळे, दोन बघणारे. पण फोनवर फिरत आलेला एखादा व्हिडिओ, जो त्या गावचाही नसतो आणि त्या वर्षाचाही नसतो, तो या प्रकारात बसत नाही. तो हवेतून उगवलेला असतो, कुठल्याच फळ्यावर कुणी तो लिहिलेला नसतो. प्रामाणिक मतभेद आणि बनावट यांत फरक आहे, आणि तो करता आला पाहिजे. आपण बहुतेक वेळा उलट करतो. समोरच्या साक्षीदाराला खोटं ठरवतो आणि हवेतलं पुढे पाठवतो.

आमच्याकडच्या त्या मुलीला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. ‘तुझी नजर चुकली असेल’ एवढंच म्हटलं होतं. म्हणणाऱ्यांचा प्रोग्रामवरचा विश्वासही समजण्यासारखा होता. कागदावर क्रम बरोबरच होता. पण कागदावरचा क्रम हा लिहिणाऱ्याचा क्रम असतो. बघणाऱ्याला काय दिसलं हे बघणाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तो कुठे उभा होता तेही विचारावं लागतं. तिने जागा, वेळ आणि यंत्राचा नंबर लिहिला होता, म्हणून तिची साक्ष उभी राहिली.

यंत्राला ना दीन ना ईमान, त्याच्याकडून शिकवण घ्यायची म्हणून मी हे लिहिलेलं नाही. ते वेगासाठी क्रम मोडतं आणि सांगितलं तर पाळतं, बस. पण ते बनवणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य केली आणि मग कामाला लागले : सगळ्यांना सारखं दिसणारं ‘आता’ फुकट मिळत नाही. त्याला किंमत असते, ती दोन्ही बाजूंनी मोजावी लागते, आणि कुठे मोजायची ते आधी बोलून ठेवावं लागतं. पुढच्या वेळी दोन दिवस ईद झाली तर शीरखुर्मा दोन्ही दिवशी खावा. आणि कुणाचा चांद खरा असं कुणी विचारलंच, तर त्याला विचारावं, खबर कुठून निघाली, कुणी आणली आणि आपल्यात ठरलंय काय.